बिझी सर्व्हरमधल्या हार्ड डिस्क अकाली जाऊ नयेत म्हणून

सर्व्हरमधली डिस्क गेली की ठरलेलं वाक्य येतं, "अरे कालपर्यंत तर नीट चालू होती". बऱ्याचदा ती नीट चालू नसतेच, रडतखडत चालू असते, लॉगमध्ये दोन-तीन आठवडे तेच ते एरर पडत असतात आणि तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. काही डिस्क मात्र खरंच काहीही न सांगता जातात. त्यामुळे कामं दोन आहेत, एक म्हणजे डिस्कवर विनाकारण पडणारा ताण कमी करायचा, आणि दुसरं म्हणजे ती कधी ना कधी जाणारच हे धरून अशी सोय करून ठेवायची की एक गेली तरी कोणाला रात्री उठावं लागू नये. पहिल्या कामाबद्दल लोक फार कमी बोलतात, सगळे थेट रेडवर (अनेक डिस्क जोडून एक गेली तरी डेटा टिकवायची पद्धत) उडी मारतात, म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

त्याआधी डेटाशीटवरच्या त्या भल्यामोठ्या आकड्याचं बघू. एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास लिहिलेलं असतं, भागाकार केला तर ११४ वर्षं येतात आणि माणूस निवांत होतो. पण त्याचा अर्थ एक डिस्क ११४ वर्षं चालेल असा नसतो. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे शंभर डिस्क असतील तर वर्षाला साधारण ०.८८ टक्के जातील असं कंपनी म्हणतेय, बस. आणि प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठ्या सिस्टिम्समधल्या सुमारे १ लाख डिस्कचा हिशोब मांडला, त्यात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं सर्रास होतं आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. तुमच्या सर्व्हरमध्ये २४ डिस्क असतील आणि ३ टक्के धरले तर तीन वर्षांत दोन डिस्क जाणार, हे आत्ताच बजेटमध्ये लिहून ठेवा.

आधी बघा की डिस्कला राबवतंय कोण

आयओस्टॅट (लिनक्सवर डिस्कचं काम दाखवणारी कमांड) चालवा, एक्स्टेंडेड आउटपुटवाला ऑप्शन लावून, दर पाच सेकंदांनी, आणि ऐन गर्दीच्या वेळी चालवा, रात्री तीनला चालवून "सगळं छान आहे" म्हणण्यात अर्थ नाही. साध्या हार्ड डिस्कवर युटिलायझेशन (डिस्क कितपत बिझी आहे) सतत ९० टक्क्यांच्या वर आणि अवेट (एका रिक्वेस्टला लागणारा वेळ) ३०-४० मिलिसेकंदांच्या पुढे असेल तर ती डिस्क दमलेली आहे. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी आणि वर हेड हलायचे आठ-नऊ मिलिसेकंद. सगळं धरून रँडम कामाला सेकंदाला ८०-१०० रिक्वेस्ट, यापलीकडे कितीही महागडी डिस्क घेतली तरी फारसा फरक पडत नाही. एसएसडी हेच काम हजारोंनी करते. त्यामुळे ज्या कामात सारखी इकडून तिकडे उडी मारावी लागते ते काम फिरत्या डिस्कवर ठेवूच नका.

मग आयओटॉप किंवा पिडस्टॅटने बघा की लिहितंय कोण. इथे दरवेळी काहीतरी गंमत निघते. कुठल्यातरी ॲप्लिकेशनचा लॉग डीबग लेव्हलवर विसरून राहिलेला असतो आणि दिवसाला कित्येक जीबी कचरा लिहीत असतो, जो कोणी उघडूनही बघणार नाहीये. सेशन फाइल्स आणि टेम्प फाइल्स डिस्कवर पडत असतात, त्या टीएमपीएफएसमध्ये म्हणजे सरळ रॅममध्ये टाका. रॅम कमी पडून सिस्टिम स्वॅप करत (रॅममधलं डिस्कवर टाकत) असेल तर व्हीएमस्टॅटमध्ये एसआय आणि एसओ हे दोन कॉलम सतत हलताना दिसतात, आणि तसं असेल तर बाकी सगळं ट्युनिंग बाजूला ठेवून आधी रॅम वाढवा, डिस्कसाठी यापेक्षा स्वस्त औषध नाही.

डेटाबेसचं जरा सविस्तर सांगतो कारण बिझी सर्व्हरवर खरा राडा तिथेच असतो. प्रत्येक कमिटला डेटाबेस डिस्कला सांगतो की हे पक्कं लिहून झालं की मगच मला हो म्हण. फिरत्या डिस्कवर, मध्ये बॅटरीवाला कॅश नसेल तर, असं एका सेकंदात जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे वेळाच होऊ शकतं. आता एखादा इम्पोर्ट स्क्रिप्ट एकेक ओळ घालून एकेकदा कमिट मारत असेल तर लाख ओळींना लाख वेळा डिस्क थांबणार. तेच हजार-हजार ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या तर शंभर वेळा. कोडमधल्या दोन ओळींचा बदल आहे पण डिस्कचं काम कुठल्या कुठे कमी होतं. त्याबरोबर बफर पूल (डेटाबेसची रॅममधली जागा) मोठा करा, म्हणजे तेच ते पान परत परत डिस्कवरून वाचलं जाणार नाही.

फाइल वाचली की वाचल्याची वेळ डिस्कवर लिहिली जाते, ती भानगड माउंट करताना नोएटाइम देऊन बंद करता येते. २००९ पासून लिनक्समध्ये रिलेटाइम हा डीफॉल्ट आहे त्यामुळे पूर्वीइतका फरक पडत नाही, पण लाखो छोट्या फाइल्स असलेल्या सर्व्हरवर अजूनही करण्यासारखं आहे. आणि रात्री बाराच्या ठोक्याला बॅकअप, लॉग रोटेट, व्हायरस स्कॅन, रिपोर्टचा क्रॉन जॉब सगळे एकत्र सुटतात ते जरा अर्ध्या-एक तासाच्या अंतराने लावा, बॅकअपला आयओनाइस (डिस्क कोणी आधी वापरायची ते ठरवणारी कमांड) लावून आयडल क्लासमध्ये ढकला. फक्त एक, आयओनाइसचं ऐकणारा शेड्युलर (रिक्वेस्टचा क्रम लावणारा कर्नलचा भाग) असेल तरच त्याचा उपयोग, बीएफक्यू ऐकतो, "नन" लावलेला असेल तर कोणी विचारत नाही.

डिस्क घेताना

डेस्कटॉपची डिस्क सर्व्हरमध्ये घालू नका हे सगळे सांगतात, का ते कमी जण सांगतात. पहिलं कारण वर्कलोड रेटिंग. साधारणपणे डेस्कटॉप डिस्क वर्षाला ५५ टीबीसाठी, एनएएसवाली (नेटवर्कवरच्या स्टोरेज बॉक्ससाठीची) १८० टीबीसाठी आणि एंटरप्राइझ ५५० टीबीसाठी बनवलेली असते, आणि यात लिहिणं आणि वाचणं दोन्ही मोजतात. ५५ टीबी म्हणजे दिवसाला १५० जीबी. बिझी सर्व्हरवर एवढं नुसत्या बॅकअपच्या वाचण्यातच संपतं.

दुसरं कारण जास्त त्रासदायक आहे. डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागला की ती तो वाचायचा जीव तोडून प्रयत्न करते, कधी मिनिट, कधी दोन मिनिटं, कारण तिला वाटतं डेटाची ही एकच कॉपी आहे. रेडमध्ये तसं नसतं, दुसरीकडे कॉपी आहे, त्यामुळे तिने लवकर हार मानायला हवी. लिनक्स कर्नल ३० सेकंद थांबतो, मग लिंक रिसेट करतो, आणि शेवटी एका सेक्टरपायी अख्खी चांगली डिस्क ॲरेच्या (रेडमध्ये जोडलेल्या डिस्कच्या गटाच्या) बाहेर फेकली जाते. सर्व्हर आणि एनएएसच्या डिस्कमध्ये ही वेळ साधारण ७ सेकंदांवर बांधलेली असते. स्मार्टसीटीएलमध्ये (स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, वाचायची कमांड) एससीटी ईआरसी म्हणून सेटिंग आहे, तिथे वाचण्या-लिहिण्याला ७०-७० दिलं की ७ सेकंद होतात (एकक सेकंदाचा दहावा भाग आहे, ७ लिहाल तर गडबड). बऱ्याच डिस्क पॉवर गेल्यावर हे विसरतात म्हणून बूट स्क्रिप्टमध्ये टाका. आणि डिस्कला ही सोयच नसेल तर उलटं करा, कर्नलचा टाइमआउट १८० सेकंदांवर न्या.

तिसरं, एसएमआर. यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात, आणि सतत लिहीत राहिलं की डिस्क मेल्यासारखी हळू होते. २०२० मध्ये एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि बराच गोंधळ झाला, तेव्हापासून डेटाशीटवर सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) लिहिलंय का ते बघूनच घ्यायचं असा नियम ठेवा.

काही पॉवर वाचवणाऱ्या डिस्क आठ सेकंद काम नसलं की हेड पार्क करतात. आता तुमचा सर्व्हर दर दहा सेकंदांनी एक लॉगची ओळ लिहितोय असं धरा. आठ सेकंद झाले की हेड पार्क, दोन सेकंदांनी परत बाहेर, दिवसाला ८,६४० वेळा. अशा डिस्कचं रेटिंग ३ लाख पार्किंगचं असेल तर ३५ दिवसांत संपलं. स्मार्टमधला १९३ नंबरचा लोड सायकल काउंट बघा, रोज हजारोंनी वाढत असेल तर एपीएम (डिस्कची पॉवर वाचवायची सोय) किंवा आयडल टायमर बंद करा.

आणि एकाच बॅचच्या सगळ्या डिस्क एका ॲरेत घालायचं टाळा, निदान दोन वेगवेगळ्या लॉटच्या मिसळा. याचं भारी उदाहरण म्हणजे एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडीच्या फर्मवेअरमध्ये बग आहे, ड्राइव्ह बरोबर ३२,७६८ तास चालली की बंद पडते आणि डेटाही मिळत नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एकाच दिवशी लावलेल्या सगळ्या ड्राइव्ह एकाच दिवशी जाणार, आता रेड सहा लावा नाहीतर साठ. त्यामुळे डिस्कचं फर्मवेअर अपडेट हा विषयसुद्धा वर्षातून दोनदा बघायचा असतो.

नवी डिस्क आली की लगेच कामाला जुंपायची नाही. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात जास्त वापराचा फटका मुख्यतः अगदी नव्या आणि अगदी जुन्या डिस्कना बसलेला दिसला. म्हणजे कच्ची डिस्क पहिल्या काही महिन्यांत ताण आला की जाते, तर ती तुमचा डेटा पडायच्या आधीच जाऊ दे. बॅडब्लॉक्स राइट मोडमध्ये चालवा, तो चार वेगवेगळे पॅटर्न पूर्ण डिस्कभर लिहून परत वाचून बघतो. मोठ्या डिस्कला यात कित्येक दिवस जातात, जाऊ देत. (हा मोड डिस्कवरचं सगळं पुसतो, चालवायच्या आधी डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा.) आधीचे आणि नंतरचे स्मार्टचे आकडे शेजारी ठेवून बघा, काहीही वाढलेलं दिसलं तर डिस्क परत पाठवा, वाद घालत बसू नका.

उष्णता, हादरे, पॉवर

तापमानाबद्दल लोक जरा जास्तच घाबरतात. गूगलच्या त्याच अभ्यासात मधल्या रेंजमध्ये तापमान आणि बिघाड यांचा म्हणावा तसा संबंध सापडला नाही, अगदी वरच्या तापमानातच फरक दिसला. ३० ते ४० अंशांत डिस्क असेल तर शांत राहा, ४५ च्या वर जायला लागली की कारण शोधा, डेटाशीटवर ६० लिहिलेलं असतं ती लक्ष्मणरेषा आहे, तिच्याजवळ रोज फिरायचं नसतं. कारण बहुतेक वेळा साधं असतं, रिकाम्या बेमधली प्लास्टिकची ब्लँक कोणीतरी काढून ठेवलेली असते, मग फॅनची हवा डिस्कच्या फटीतून जायच्या ऐवजी त्या मोकळ्या भोकातून सरळ निघून जाते आणि शेजारच्या दोन डिस्क भाजतात. ब्लँक परत लावा, फिल्टर झाडा, एवढं पुरतं.

हादऱ्यांकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. हेड ट्रॅकवर राहायला नॅनोमीटरच्या पातळीवर धडपडत असतं. २००८ मध्ये सनच्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कच्या रॅकसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं होतं आणि त्या क्षणी लेटन्सीच्या ग्राफला उभी टोकं आली. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवायच्या यंत्रणेची चाचणी घेतली तेव्हा गॅस सुटण्याच्या आवाजानेच ढिगाने हार्ड डिस्क खराब झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास बंद होत्या. तर ट्रेचे चारही स्क्रू लावा, दोनवर भागवू नका, खडखडणारा फॅन आजच बदला, चालू सर्व्हर रॅकमधून ओढून वाकून बघायची सवय सोडा. एका चासीत सात-आठपेक्षा जास्त डिस्क असतील तर आरव्ही सेन्सरवाल्याच (हादरे ओळखून हेड सावरणाऱ्या) घ्या.

पॉवरचं थोडक्यात, यूपीएस हवा, शक्यतो दोन पॉवर सप्लाय हवेत, आणि यूपीएसची बॅटरी वर्षातून एकदा खरोखर लोडवर तपासा.

स्मार्ट वाचायचं कसं

"पासड" या शब्दावर अजिबात विसंबू नका. डिस्क अक्षरशः शेवटचे श्वास घेत असली तरी तिथे पासड लिहिलेलं मी भरपूर वेळा पाहिलंय. आकडे बघायचे, आणि पाचच बघायचे, ५ (रीॲलोकेटेड सेक्टर), १८७ (दुरुस्त न झालेले एरर), १८८ (कमांड टाइमआउट), १९७ (पेंडिंग सेक्टर) आणि १९८ (ऑफलाइन अनकरेक्टेबल). यातली रॉ व्हॅल्यू शून्य असावी. माझा नियम असा की बिझी सर्व्हरवर १९७ किंवा १९८ शून्याच्या वर गेला आणि तसाच राहिला तर डिस्क बदलायची, ५ मध्ये दोन-चार असतील आणि महिनोन्महिने तेवढेच असतील तर लक्ष ठेवायचं, पण दर आठवड्याला वाढत असतील तर बदलायची. गूगलच्या अभ्यासात पहिला स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होती, मग कशाची वाट बघायची. मात्र त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी मुख्य चार आकड्यांपैकी एकातही काही दाखवलं नव्हतं, तेव्हा स्मार्ट शांत आहे म्हणून बॅकअप नको असं समजू नका.

१९९ नंबरचा सीआरसी एरर वाढत असेल तर आधी केबल आणि बॅकप्लेन बघा, डिस्क बिचारी चांगली असते. आणि सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरला कोटींमधले आकडे बघून घाबरू नका, त्यात एकूण ऑपरेशनची संख्याही मिसळलेली असते.

हे सगळं हाताने कोणी रोज बघणार नाही, म्हणून स्मार्टडी (स्मार्टचे आकडे आपोआप तपासत राहणारा प्रोग्रॅम) लावा, रोज रात्री शॉर्ट टेस्ट, आठवड्यातून एकदा गर्दी नसताना लाँग टेस्ट, आणि मेल. मग टेस्ट मेलचा ऑप्शन लावून एकदा खरंच मेल येतो का ते बघा, कारण निम्म्या सर्व्हरवर मेल जातच नसतो आणि हे डिस्क गेल्यावर कळतं. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर आतल्या डिस्क लिनक्सला दिसत नाहीत, तिथे मेगारेड वगैरे डिव्हाइस टाइप आणि डिस्कचा नंबर द्यावा लागतो, हे न करता नुसतं स्मार्टडी चालू केलं तर तो काहीच तपासत नसतो.

अजून एक खूण आहे जी बऱ्याचदा स्मार्टच्याही आधी येते. आयओस्टॅटमध्ये एकाच ॲरेतल्या डिस्कची तुलना करा. आठ डिस्कपैकी सात १२-१४ मिलिसेकंदांवर आहेत आणि एक १८० वर, काम तर सगळ्यांना सारखंच आहे. ती एक डिस्क आतल्या आत परत परत वाचायचा प्रयत्न करतेय, आणि तिच्यापायी अख्खा ॲरे आणि त्यावरचा सगळा सर्व्हर हळू झालाय. अशा वेळी लोक डेटाबेस ट्यून करत बसतात. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) तिच्या नावाने यूएनसी (वाचता न आलेला सेक्टर) किंवा लिंक रिसेट दिसले तर प्रश्नच मिटला, बाहेर काढा.

एसएसडी असेल तर हे आकडे वेगळे, एनव्हीएमईवर परसेंटेज यूज्ड, अव्हेलेबल स्पेअर आणि मीडिया एरर हे तीन बघा. सर्व्हरसाठी पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणजे आत कपॅसिटर असलेलीच घ्या, ट्रिमचा (पुसलेल्या जागा एसएसडीला कळवायचा) टायमर चालू ठेवा आणि ड्राइव्ह काठोकाठ भरू नका, १०-१५ टक्के जागा मोकळी असली की आतलं लिहिणं बरंच कमी होतं.

रेड, स्क्रब आणि बदलाबदली

मोठ्या डिस्कना रेड पाच (एकच डिस्क गेलेली सोसणारा) लावू नका. १६ टीबीची डिस्क २०० एमबीच्या वेगाने भरायची म्हटलं तरी २२ तास लागतात, आणि बिझी सर्व्हरवर तेच तीन-चार दिवस चालतं. त्या काळात बाकी सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात आणि नेमका तेव्हाच दुसरीकडे कुठेतरी वर्षभर कोणी न वाचलेला खराब सेक्टर निघतो. रेड सहा (दोन गेल्या तरी चालतो) किंवा डेटाबेसला रेड दहा (डिस्कच्या जोड्यांत कॉपी) लावा. आणि तो लपलेला सेक्टर आधीच सापडावा म्हणून स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून तपासणं), डेबियनवर एमडीएडीएमचा (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड सांभाळणारी कमांड) चेक महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालतो, बाकीकडे स्वतः लावा. फक्त हिशोब करा, २० टीबीची डिस्क दर महिन्याला पूर्ण वाचली तर नुसत्या स्क्रबचेच वर्षाला २४० टीबी होतात, १८० टीबीवाल्या डिस्कला ते जास्त आहे, तिथे तीन महिन्यांतून एकदा पुरे.

बॅकअप वेगळ्या मशीनवर हवा, रेड म्हणजे बॅकअप नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, रिस्टोअर करून कोणी बघितलेलं नसतं.

डिस्क बदलताना खरी चूक होते ती चुकीची डिस्क ओढण्याची. एसडीसी (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) म्हणजे तिसरी बे असं नसतं, रीबूट झाला की नावं बदलतात. सर्व्हर लावतानाच प्रत्येक ट्रेच्या पुढच्या बाजूला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवून ठेवा, ओढायच्या आधी स्मार्टसीटीएलमधला सिरियल आणि चिकटवलेला जुळवा, आणि लेडसीटीएल चालत असेल तर त्या बेचा दिवा लावून घ्या. डिस्क अजून थोडीफार चालत असेल तर आधी काढू नका, स्पेअर लावून एमडीएडीएमचा रिप्लेस वापरा, म्हणजे जुनी अजून ॲरेत असतानाच तिच्यावरून नवी भरते आणि मधल्या काळात संरक्षण कमी होत नाही. काढावीच लागली तर आधी फेल, मग रिमूव्ह, मग थोडं ओढून अर्धा मिनिट थांबायचं, आतली प्लेट फिरायची थांबू द्यायची आणि मगच पूर्ण बाहेर. रीबिल्ड फारच रेंगाळला तर एमडीची किमान वेगमर्यादा बघा, डीफॉल्ट सेकंदाला १,००० केबी आहे, लोड आला की तो तिथपर्यंत खाली घसरतो, ती ५०,००० करा आणि युजर्सना एक रात्र थोडं हळू चालेल म्हणून सांगून टाका. भरून झाल्यावर एक पूर्ण चेक चालवा, मिसमॅच काउंट (न जुळणाऱ्या जागांची संख्या) बघा, आणि वापरलेल्या स्पेअरच्या जागी नवा मागवून त्याच दिवशी बॅडब्लॉक्सला लावा.